फवारणीची औषधं घरात कुठे आणि कशी ठेवावीत?

कळवण, देवळा, सटाणा या पट्ट्यातल्या बहुतेक शेतकरी घरांत फवारणीच्या औषधांचा लहान-मोठा साठा असतोच. कांद्यावरच्या फुलकिड्यांसाठी आणलेली बाटली, करप्यासाठीचं बुरशीनाशक, डाळिंबाच्या तेल्यावर मारायची पावडर, अर्धा कॅन उरलेलं तणनाशक, धान्यात ठेवायच्या गोळ्या, उंदरांसाठी आणलेली ट्यूब. या सगळ्याला आपण सरसकट ‘औषध’ म्हणतो, आणि आजीच्या रक्तदाबाच्या गोळीलाही औषधच म्हणतो. डॉक्टर म्हणून मला हा शब्द खटकतो. पण लोकांच्या तोंडी तोच आहे, म्हणून या लेखातही तोच वापरतो.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने रुग्णालयात दाखल झाले, वीसहून अधिक दगावले. त्यानंतर मास्क, हातमोजे, वाऱ्याची दिशा यांवर बरंच बोललं जाऊ लागलं, आणि ते आवश्यकच आहे. पण फवारणी चालते काही तास. ती बाटली घरात राहते सहा-सहा महिने. त्या सहा महिन्यांत ती कुठे असते, कशात असते आणि कोणाच्या हाताला लागते, यावर फारसं कोणी बोलत नाही.

विषबाधेचे रुग्ण रुग्णालयात साधारण तीन वाटांनी येतात. फवारताना किंवा औषध कालवताना अंगावर गेलेलं, चुकून पोटात गेलेलं (यात लहान मुलं आणि म्हातारी माणसं जास्त) आणि रागाच्या किंवा निराशेच्या भरात घेतलेलं. पहिल्या वाटेवर साठवणुकीचा संबंध थोडा आहे. दुसरी वाट साठवणुकीने जवळजवळ पूर्ण बंद करता येते. तिसरीबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे, कारण तिथे नुसत्या कुलपावर विसंबून चालत नाही.

मूळ बाटली सोडू नका

सगळ्या नियमांतला एकच नियम पाळायचा असेल तर हा पाळा: औषध ज्या बाटलीत किंवा पाकिटात आलं, त्यातच राहू द्या. शेजाऱ्याला थोडं हवं आहे म्हणून थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतून देणं ही आपल्याकडची सर्रास सवय आहे. ती बाटली कोनाड्यात राहते. दुपारी तहानलेलं पोर ती उचलतं, कारण त्याच्या दृष्टीने ती प्यायचीच बाटली असते. पाण्यात कालवलेलं औषध बऱ्याचदा दुधासारखं पांढरं दिसतं, हेही लक्षात घ्या. शेजाऱ्याला द्यायचंच असेल तर त्याला त्याचा पंप घेऊन यायला सांगा आणि मोजून थेट पंपात द्या.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. औषधाचा रिकामा कॅन धुऊन त्यात तेल, रॉकेल, पाणी किंवा दाणे भरू नका. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं माध्यान्ह भोजन खाऊन २३ मुलं मेली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं. ते स्वयंपाकाच्या तेलातून आलं होतं, आणि ते तेल कीटकनाशकाच्या डब्यात ठेवलं गेल्याचं तपासात समोर आलं. प्लास्टिकमध्ये मुरलेलं औषध साबणाने निघत नाही.

मूळ बाटली ठेवण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते आम्हा डॉक्टरांच्या सोयीचं आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कीटकनाशकाच्या लेबलवर रंगीत त्रिकोण असतो: लाल म्हणजे अतितीव्र विषारी, मग पिवळा, निळा, आणि सर्वांत सौम्य हिरवा. त्याच लेबलवर घटकाचं नाव, टक्केवारी आणि उतारा छापलेला असतो. रुग्ण आल्यावर पहिला प्रश्न ‘काय घेतलं?’ हाच असतो, आणि ‘कांद्याचं औषध’ या उत्तरावरून उपचार ठरवता येत नाहीत. कांद्याचं कीटकनाशक, बुरशीनाशक आणि तणनाशक यांचे उपचार एकमेकांपासून पूर्ण वेगळे आहेत. एक सावधगिरी मात्र हवी: त्रिकोण सगळं सांगत नाही. पॅराक्वाट या तणनाशकावर लाल नाही, पिवळा त्रिकोण असतो, पण त्यावर आजही खात्रीचा उतारा नाही. म्हणून माझं मत विचाराल तर पॅराक्वाट घरी साठवूच नये.

जागा कुठली?

वेगळी, पक्की, हवेशीर, कुलूप लागणारी खोली असेल तर प्रश्नच नाही. पण सुरगाण्याकडच्या किंवा कनाशी-अभोण्याकडच्या पाड्यावरच्या दोन खणांच्या घराला हा सल्ला देऊन उपयोग काय? तिथे पत्र्याची एक ट्रंक पुरते. ती घराबाहेरच्या बाजूला, पडवीत किंवा गोठ्याच्या भिंतीबाहेर, पाऊस लागणार नाही अशा ठिकाणी विटांवर ठेवावी आणि तिला कुलूप लावावं. किल्ली एकाच माणसाकडे असावी. चुलीजवळ, देवघराखाली, खाटेखाली, धान्याच्या कोठीशेजारी आणि माळ्यावर ही पाच ठिकाणं मनातून काढून टाका. माळ्याचा लोकांना फार भरवसा वाटतो, पण पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये तिथे भयंकर तापतं, झाकणं फुगतात, बाटल्या गळतात आणि थेंब खाली स्वयंपाकघरात पडतात.

कांद्याच्या चाळीतही औषधं ठेवू नयेत. चाळ हवेशीर असते हे खरं, पण तिथे माणसांचा वावर असतो, सुट्टीत मुलं खेळतात आणि सांडलेलं औषध थेट कांद्यावर जातं. जनावरांच्या पेंडीजवळही नको. पेंडीच्या आणि औषधाच्या गोण्या अंधारात सारख्याच लागतात.

पेटीच्या आत मांडणी साधी ठेवा. पातळ औषधं खाली, पावडरी वर, म्हणजे बाटली गळली तरी पाकिटं भिजणार नाहीत. बाटल्या उभ्या, एका प्लास्टिकच्या टबात किंवा घमेल्यात. तळाला थोडी कोरडी वाळू किंवा माती टाकली की सांडलेलं शोषलं जातं. तणनाशक वेगळ्या कोपऱ्यात ठेवा. त्यात फायदा पिकाचाही आहे, चुकून एका पंपात गेलं तर प्लॉट जळतो. मोजायचं माप, ढवळायची काठी, हातमोजे हेही पेटीतच राहू द्या. स्वयंपाकघरातला चमचा ‘एकदाच’ म्हणून नेला जातो आणि धुऊन परत येतो, हे अनेक घरांत घडतं. पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवा आणि त्यावर काय आहे, कधी आणलं, मुदत कधी संपते हे लिहा. घरातल्या एखाद्या शिकणाऱ्या मुलीकडे हे काम द्या, पण बाटल्यांना हात न लावता, नावं तुम्ही वाचून दाखवा.

आणि मुळात साठा कमी करा. उधारीवर माल मिळतो म्हणून हंगामाच्या सुरुवातीलाच सगळं उचललं जातं, किंवा लिटरची बाटली स्वस्त पडते म्हणून शंभर मिलीचं काम असताना लिटर घेतलं जातं. उरलेलं औषध वर्षभर घरात पडून राहतं. जे घरात नाही ते कोणाच्या पोटात जाऊ शकत नाही.

काही वस्तूंना वेगळी वागणूक लागते

धान्यात ठेवायच्या गोळ्या म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फीन हा वायू सुटतो, आणि तो माणसालाही मारतो. धान्याच्या कोठीत गोळ्या टाकून त्याच बंद खोलीत झोपलेली कुटुंबं सकाळी उठली नाहीत, अशा घटना देशात पुन्हा पुन्हा घडल्या आहेत. लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास आला तर ताबडतोब सगळ्यांना बाहेर काढा, दारं-खिडक्या उघड्या टाका, आणि गोळ्यांवर पाणी मुळीच टाकू नका. या विषावर उतारा नाही. राहत्या घरात या गोळ्या वापरू नयेत, ठेवूही नयेत. धान्य कडक उन्हात वाळवून हवाबंद कोठीत भरणं हा जुना मार्गच बरा.

उंदरांची पेस्ट टूथपेस्टच्या ट्यूबसारखी दिसते. काही पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असतो. तो पोटात गेल्यावर सुरुवातीला उलट्या होतात, मग एक-दोन दिवस माणूस ठीक वाटतो, घरचे निर्धास्त होतात, आणि त्यानंतर यकृत निकामी होऊ लागतं. त्यामुळे ‘आता बरं वाटतंय’ म्हणून रुग्णालयात न जाणं किंवा डिस्चार्ज मागणं जिवावर बेततं. पेस्ट लावलेला भाकरीचा तुकडा किंवा टोमॅटो जमिनीवर ठेवण्याआधी रांगणारं मूल घरात आहे का, ते आधी बघा.

मोरचूद द्राक्ष-डाळिंबाच्या बोर्डो मिश्रणासाठी घरोघरी असतं. निळेशार खडे लहान मुलांना खडीसाखरेसारखे वाटतात. पोटात गेले तर रक्तातल्या लाल पेशी फुटतात आणि मूत्रपिंडांना इजा होते. त्याच मिश्रणासाठी लागणारा कळीचा चुना कोरडा ठेवा, कारण पाणी लागलं की तो उकळतो. डोळ्यात उडाला तर आधी नळाखाली किंवा तांब्याने सलग वीस मिनिटं डोळा धुवा, मग दवाखान्यात निघा.

विद्राव्य खतांतलं १३-०-४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, जुन्या लोकांचा सोरा. सोरा आणि गंधक ही बंदुकीच्या दारूची जुनी सामग्री आहे. फवारणीचं गंधक, हे खत आणि पंपाचं डिझेल एकाच कोपऱ्यात रचून त्याशेजारी बिडी ओढणारी माणसं पाहिली की मला धडकी भरते. खतं एका भिंतीला, गंधक दुसऱ्या, इंधन तिसऱ्याच ठिकाणी.

मक्याचं उरलेलं बियाणं लाल-गुलाबी दिसतं, कारण त्याला औषध चोळलेलं असतं. ते धुऊन दळू नका, कोंबड्यांनाही घालू नका. पेटीतच ठेवा.

दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या छाटणीच्या कामाला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. डोळे फुटावेत म्हणून काडीला लावतात त्या पेस्टमध्ये हायड्रोजन सायनामाइड असतं. हे शरीरात गेल्यावर दारू पचवण्याची क्रिया अडते. त्या दिवशी, किंवा पुढचे काही दिवस, थोडीही दारू घेतली तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. माणूस ‘जास्त प्यायला’ म्हणून घरचे झोपवून ठेवतात. असं झोपवू नका, दवाखान्यात न्या आणि पेस्टचं काम केलं होतं हे सांगा. कामाचे कपडे घरात आणून मुलांच्या कपड्यांत टाकू नका. ते वेगळे धुवा, वेगळे वाळवा.

कुलूप आणि राग

आता तिसरी वाट. आपल्याकडे विष घेणाऱ्यांपैकी पुष्कळ जण आधी ठरवून घेत नाहीत. भांडण झालेलं असतं, बाजारात कांदा मातीमोल गेलेला असतो, कोणीतरी बोललेलं असतं, आणि समोर बाटली असते. राग काही वेळात ओसरतो. बाटली दूर असेल तर तो वेळ मिळतो, हा यामागचा विचार.

पण इथे खरं काय ते सांगायला हवं. श्रीलंकेत १८० गावांमध्ये एक मोठा अभ्यास झाला. निम्म्या गावांतल्या शेतकरी घरांना औषधं ठेवायला कुलपाच्या पेट्या दिल्या आणि तीन वर्षं पाहणी केली. २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला: विष घेण्याचं प्रमाण पेट्यांमुळे कमी झालं नाही. कारण समजण्यासारखं आहे. किल्ली खुंटीलाच असते, आणि बहुतेकदा ज्याला धोका असतो त्याच्याच खिशात असते. त्याच श्रीलंकेत सर्वांत जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आल्यावर मात्र १९९५ नंतरच्या दोन दशकांत आत्महत्यांचं प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी खाली आलं. तामिळनाडूतल्या कडलूर जिल्ह्यात गावाच्या मध्यवर्ती खोलीत प्रत्येक शेतकऱ्याचा कप्पा ठेवून, तिथे देखरेखीला माणूस नेमून प्रयोग केला गेला. तो लहान होता, पण त्यात प्रमाण घटलेलं दिसलं.

यातून घरासाठी मी काढतो तो अर्थ असा. पेटीचं कुलूप मुलांसाठी आहे, ते लावाच. पण घरात कोणी उदास असेल, झोप उडाली असेल, दारू वाढली असेल, ‘माझ्याशिवाय तुमचं बरं चालेल’ अशी भाषा करत असेल, तर कुलपावर समाधान मानू नका. साठा घरातून हलवा. भावकीतल्या विश्वासाच्या माणसाकडे, शेतावरच्या पंपघरात, विकत घेतलेल्या दुकानात, कुठेही, पण चालत जाऊन सहज मिळणार नाही अशा ठिकाणी. आणि त्या माणसाशी थेट बोला. विचारल्याने मनात विचार भरवला जात नाही, उलट ओझं हलकं होतं. टेली-मानस १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत, मराठीतही बोलता येतं.

विषबाधा झालीच तर

मीठ-पाणी पाजून, घशात बोटं घालून उलटी करवू नका. फवारणीची अनेक औषधं रॉकेलसारख्या द्रावकात असतात. उलटी होताना ती फुप्फुसात गेली तर दुसरंच संकट उभं राहतं. दूध, तूप, लिंबू काही नको. अंगावरचे कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा. धुणाऱ्याने हातात प्लास्टिकच्या पिशव्या घालाव्यात. शुद्ध हरपत असेल तर डाव्या कुशीवर निजवा. १०८ ला फोन करा. बाटली पिशवीत घालून सोबत न्या, निदान लेबलचा फोटो काढा, आणि किती वाजता घडलं ते लक्षात ठेवा. भगताकडे जायचं असेल तर नंतर जा.

ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांत तोंडाला फेस, घाम, डोळ्यांतून पाणी, जुलाब, छातीत घरघर, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी अशी लक्षणं दिसतात. यावर ॲट्रोपिन हे इंजेक्शन आहे आणि ते लवकर सुरू होणं महत्त्वाचं. कळवणहून नाशिक साधारण पाऊणशे किलोमीटर आहे. ‘मोठ्या दवाखान्यातच नेऊ’ म्हणून थेट तिकडे निघू नका. आधी कळवणच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात ॲट्रोपिन सुरू करून, लागलं तर १०८ मधून पुढे. डॉक्टरांना सल्ला हवा असेल तर दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या क्रमांकावर मदत करतं. नातेवाईकही फोन करू शकतात.

पोलीस केस होईल म्हणून ‘चुकून गेलं’ किंवा ‘फवारताना चक्कर आली’ असं सांगू नका. रुग्णालय नोंद करतं, पण उपचार त्यासाठी थांबत नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं जातं. त्याला शिक्षा नव्हे, मदत द्यायची असते. किती घेतलं, कधी घेतलं हे खरं कळलं तर उपचार नेमके होतात.

नातेवाईकांना आणखी एक गोष्ट ठाऊक हवी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस बोलू लागतो, चहा मागतो, आणि कांदा काढणीला माणूस नाही म्हणून घरचे सुट्टी मागतात. नेमक्या याच काळात, साधारण पहिल्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान, काही रुग्णांच्या मानेचे आणि श्वासाचे स्नायू लुळे पडतात. उशीवरून डोकं उचलता येत नाही, हे त्याचं पहिलं लक्षण. वॉर्डात असेल तर व्हेंटिलेटरवर घेऊन वाचवता येतं, घरी असेल तर नाही. डॉक्टर सोडत नाहीत तोवर नेऊ नका.

जुना साठा

पेटी लावायला बसलात की जुन्या बाटल्या निघतील. एंडोसल्फान २०११ पासून बंद आहे. थायमेट म्हणून ओळखलं जाणारं फोरेट, डायक्लोरव्हॉस, ट्रायझोफॉस यांवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. आजोबांच्या काळातली बीएचसी पावडरही कुठे कुठे सापडते. ‘कधीतरी लागेल’ म्हणून हे ठेवू नका, पण गिरणेत, नाल्यात किंवा विहिरीतही ओतू नका, आणि जाळूही नका. धूर विषारी असतो. झाकण घट्ट करून, पिशवीत घालून वेगळं ठेवा आणि तालुका कृषी कार्यालयात किंवा तुमच्या कृषी सहायकाला विचारून त्याची विल्हेवाट लावा. लेबल गेलेली, कशाची आहे ते न कळणारी बाटली उघडून हुंगून पाहू नका. रिकाम्या झालेल्या बाटल्या तीन वेळा पाण्याने खळखळवून ते पाणी पंपातच ओता, मग बाटलीला खिळ्याने भोकं पाडा, म्हणजे ती परत कोणी तेलाला वापरणार नाही.